परांग : दारोदारी जाणारा नाताळ



कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर नाताळची चाहूल ‘परांग’ने लागते. ही शेजारच्या व्हेनेझुएलाशी नाते सांगणारी स्पॅनिश भक्तिगीतांची परंपरा. कुआत्रो हे चार तारांचे वाद्य आणि खुळखुळे घेऊन गायक घरोघरी जातात. पवित्र मरियेला मिळालेला देवदूताचा निरोप व बाळ येशूचा जन्म गातात. यजमान त्यांना केळीच्या पानात शिजवलेले मक्याचे ‘पास्तेल’, काळा केक व लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत देतात.

1845 पासून भारतीय मजूर या बेटावर गेले. त्यांच्या वंशजांत हिंदू, मुस्लिम व ख्रिस्ती आहेत. दिवाळी, ईद आणि नाताळ या तिन्ही सणांना तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

आज अनेकांना परांगची स्पॅनिश कळत नाही, तरी दार उघडते. कारण शब्दांच्या आधी माणूस आलेला असतो. पवित्र मरियाही अलीशिबेच्या घरी स्वतः चालत गेली (लूक 1:39-40).

चिंतनासाठी : आपल्या घरची गव्हाण सजेल, फराळाची ताटेही वाटली जातील. पण ज्या घराशी आपले बोलणे बंद आहे, तेथे यंदा ताट घेऊन कोण जाईल?