तेरेखोलचे दोन तीर आणि कागदांचे जतन

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, सावंतवाडी तालुक्यात, तेरेखोल नदीच्या काठी आरोंदा हे गाव वसले आहे. नदीपलीकडे गोव्याचा पेडणे तालुका लागतो. आज ही नदी दोन राज्यांची सीमा मानली जाते; परंतु इतिहासात ती नेहमीच सीमा नव्हती. पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. त्यापूर्वी तेथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. नदीच्या मुखाजवळचा तेरेखोलचा किल्ला तर उत्तर तीरावर असूनही १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला आणि आजही तो गोव्यातच मोडतो. साहजिकच या परिसराचा इतिहास सांगणारे कागद एका ठिकाणी राहिले नाहीत. काही मोडीत आहेत, काही पोर्तुगीजमध्ये; काही पणजीस आहेत, काही मुंबई-पुण्यास, तर काही अद्याप खेड्यांतील घरांच्या माळ्यांवर आहेत.

हे विखुरलेले धन सांभाळण्याचे कार्य शासकीय पुराभिलेखागारे आणि विद्यापीठांची ग्रंथालये करीत असतात. हे कार्य कसे चालते आणि त्यात ग्रामपंचायत, शाळा व कार्यालये यांचा वाटा कोणता, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

ग्रंथ आणि अभिलेख

ग्रंथ व अभिलेख यांत मूलभूत भेद आहे. छापील ग्रंथाच्या अनेक प्रती निघतात. एक नष्ट झाली तरी दुसरी मिळू शकते. अभिलेखाची प्रत बहुधा एकच असते. ती गेली की तिच्यातील माहितीही गेली. दुर्मिळ ग्रंथ या दोहोंच्या मध्ये येतो : छापलेला असूनही त्याच्या इतक्या थोड्या प्रती उरलेल्या असतात की त्यास हस्तलिखिताप्रमाणेच जपावे लागते. भारतात मुद्रणयंत्र प्रथम गोव्यात १५५६ मध्ये आले, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या भूभागातील जुन्या छापील ग्रंथांचे महत्त्व ध्यानी येते.

दुसरा भेद मांडणीचा आहे. ग्रंथ विषयवार लावले जातात. अभिलेख मात्र ज्या कार्यालयातून वा घराण्यातून आले, त्यांच्या मूळ क्रमातच ठेवावे लागतात. एखाद्या रुमालातील चार कागद 'महत्त्वाचे' म्हणून वेगळे काढले, तर ते कोणी, कोणास व कोणत्या प्रसंगी लिहिले हे सांगणारा आजूबाजूचा पुरावा तुटतो. एकटा कागद मुका असतो. रुमालातील कागद परस्परांस साक्ष देतात.

पिसुर्लेकरांचा वारसा

या तत्त्वाचे उत्तम उदाहरण गोव्यातच आढळते. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला अभिलेखपाल होय. तेथील एका दप्तरमालेचे नावच 'शेजारचे राजे' असे आहे. गोव्याच्या सत्ताधीशांनी भोवतालच्या राज्यकर्त्यांशी केलेला पत्रव्यवहार तीत संग्रहित झाला आहे.

सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले येथे १८९४ मध्ये जन्मलेले पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांनी सुमारे तीन दशके या पुराभिलेखागाराची धुरा वाहिली. प्राथमिक शिक्षक म्हणून जीवनास आरंभ केलेल्या या संशोधकाने पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांच्या इतिहासाची नवी साधने उजेडात आणली. त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा मराठी ग्रंथ १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह आज ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्वतंत्र संग्रह म्हणून जतन केलेला आहे. हे विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झाले. एका अभ्यासकाने आयुष्यभर जमविलेली साधने विखुरली न जाता एकत्र राहिली, म्हणूनच त्याच्या अभ्यासाची दिशा पुढच्या पिढीस समजू शकते.

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याखालील ग्रंथालयात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही हस्तलिखितांचे संग्रह आहेत. कोल्हापूरच्या ग्रंथालयास बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांचे नाव आहे. वेंगुर्ल्याचे महाविद्यालयही त्यांच्याच नावे ओळखले जाते.

कागदाचे शत्रू

अभिलेखांसाठी २२ ते २५ अंश सेल्सिअस तापमान व ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता याच्या कितीतरी वर जाते. दमट हवेत बुरशी धरते. वाळवी व कसर यांचेही फावते. म्हणून केवळ कपाट असणे पुरेसे नाही. हवा खेळती राहणे, कपाट भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच असणे आवश्यक ठरते.

शाईचाही विचार करावा लागतो. मोडी कागदांवरील काजळाची शाई कागदास खात नाही. मात्र पाणी लागताच ती पसरते. युरोपीय दप्तरांतील लोहयुक्त शाई कालांतराने कागदास जाळीसारखी छिद्रे पाडते. त्याहून ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, अठराव्या शतकातील हातकागद अनेकदा विसाव्या शतकातील लगद्याच्या कागदापेक्षा अधिक टिकाऊ असतो. नव्या कागदातील आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. तात्पर्य, पेशवेकालीन पत्राइतकीच, किंबहुना अधिक चिंता शाळेच्या १९३० च्या जनरल रजिस्टराची करावयास हवी.

गावपातळीवरील कर्तव्य

जुन्या नोंदींचे मोल केवळ इतिहासकारांपुरते नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा महसूल कार्यालयांतील व शाळांतील जुनी दप्तरे उघडावी लागली आणि मोडी वाचणाऱ्यांची निकड सर्वत्र जाणवली. जेथे नोंदवह्या सुस्थितीत होत्या तेथे नागरिकास आपला पुरावा मिळू शकला. जेथे त्या वाळवीने खाल्ल्या होत्या तेथे तो मार्ग कायमचा बंद झाला. अभिलेख हा नागरिकाच्या हक्काचा आधार आहे, याचा हा ताजा दाखला होय.

सार्वजनिक अभिलेखांच्या व्यवस्थापनासाठी महाराष्ट्रात २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम लागू आहे. जुने कागद रद्दीत काढणे ही मर्जीची बाब नव्हे, हे प्रत्येक कार्यालयप्रमुखाने ध्यानी ठेवावे. पंचाहत्तर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात; ती परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाहीत.

गावपातळीवर काही गोष्टी विनाखर्च करता येतील. प्रथम, ग्रामपंचायत व शाळा यांनी आपल्याकडील जुन्या वह्यांची वर्षवार यादी करावी. दुसरे, फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद कागदास डाग पाडतो. तिसरे, कागद उन्हात वाळवू नयेत. ओले झाल्यास सावलीत, वाऱ्यावर सुकवावेत. चौथे, खाजगी घरांतील मोडी रुमाल सोडून पाने वाटून घेऊ नयेत. मालकी घराण्याकडेच ठेवून छायाप्रती घेता येतात. पाचवे, वाचता न येणारा कागद निरुपयोगी समजू नये. शासनाच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडी लिपीचे प्रशिक्षणवर्ग घेतले जातात. उत्साही शिक्षकांनी त्यांचा लाभ घ्यावा.

छायाचित्रणाने व संगणकीय प्रतींमुळे मूळ कागदाची हाताळणी कमी होते, हा मोठाच लाभ आहे. तथापि प्रत काढली म्हणून मूळ टाकून देता येत नाही. कागदाचा पोत, शिक्का, घडी व समासातील खूण हीदेखील पुराव्याचाच भाग असतात.

पणजी, मुंबई व कोल्हापूर येथील संग्रहांत जे पोहोचले ते बव्हंशी सुरक्षित झाले. जे अजून आरोंद्यासारख्या गावांच्या घरांत, देवस्थानांत व शाळांच्या कपाटांत आहे, त्याची यादीदेखील बहुधा झालेली नाही. पुढील पावसाळ्यापूर्वी ती यादी करणे, हेच या कामातील पहिले पाऊल होय.