शिरगणती

एरंडोल हे जळगाव जिल्ह्यातील, अंजनी नदीच्या काठी वसलेले जुने गाव. अशा गावात माणसे किती, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कोणी सकाळच्या मोटारीने जळगावास कामाला जातो, कोणी दुसऱ्या गावाहून बाजारासाठी येतो. खानदेशातून ऊसतोडीस गेलेली कुटुंबे तर कित्येक महिने परमुलखात असतात. मग त्यांना कोणत्या गावचे मानावयाचे?

सर्व देशात एकाच वेळी झालेल्या १८८१ सालच्या शिरगणतीत यावर साधा तोडगा काढला होता : १७ फेब्रुवारीच्या रात्री जो जेथे सापडेल, तो तेथला. ही एका रात्रीची पद्धत १९३१ पर्यंत चालली. पुढे एका रात्रीऐवजी काही दिवसांची मुदत आली.

२०११ सालची मोजणी पाहा. सुमारे सव्वाशे ते दीडशे घरांचा एकेक भाग एकेका प्रगणकाकडे सोपविला होता. हे प्रगणक बहुधा शिक्षकच असत. घरांची यादी आदल्या वर्षीच झाली होती. प्रत्येक भागाचा नजरी नकाशा हाती घेऊन प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत घरोघर फिरले. ऊसतोडीस गेलेले कुटुंब या मुदतीत एकदाही घरी आले नाही, तर त्याची नोंद फडाजवळच्या कोपीवर करावयाची, असा नियम होता. २८ तारखेच्या रात्री मोटारतळावर किंवा पुलाखाली निजलेल्या बेघरांची गणना झाली.

तरीही एक क्षण नेमावाच लागतो. तो होता १ मार्च सुरू होतानाचा, मध्यरात्रीचा. त्यापूर्वी पाच मिनिटे जन्मलेले बालक गणतीत आले. पहाटे जन्मलेले आले नाही. संध्याकाळी वारलेल्या आजोबांचे नाव कमी झाले. मध्यरात्रीनंतर वारलेल्यांचे राहिले. हे फेरफार करण्यासाठी १ ते ५ मार्च या दिवसांत प्रगणक पुन्हा दारोदार गेले. तान्हे मूल मोजणीतून निसटणे फार सोपे असते. ज्याचे अजून बारसे झालेले नाही, त्याचे नाव काय सांगावे, म्हणून घरची माणसे त्याला सांगावयाचेच विसरतात!

गणती खरी उतरली की नाही, हे कसे कळावे? सारा देश पुन्हा मोजणे शक्य नाही. कापसाची गाडी पारखणारा व्यापारी वरचाच कापूस पाहत नाही. आत हात घालून ठिकठिकाणचा कापूस काढतो. त्याचप्रमाणे देशभरातून काही भाग आवडनिवड न करता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, निवडतात. तेथे दुसरे प्रगणक स्वतंत्रपणे मोजणी करतात आणि दोन्ही याद्या नावानिशी ताडून पाहतात. २०११ च्या पडताळणीत हजारी सुमारे २३ माणसे सुटल्याचे आढळले. नोंदलेली लोकसंख्या १२१ कोटी होती, हे ध्यानी घेतले म्हणजे सुटलेल्यांचा आकडा केवढा होतो, हे ज्याचे त्याने गणित करून पाहावे.

जून २०२५ मध्ये सरकारने पुढील जनगणनेची अधिसूचना काढली. कागदी तक्त्यांऐवजी मोबाइलवर नोंदी घेण्याचे ठरले. महाराष्ट्रासाठी नेमलेला क्षण मात्र तसाच राहिला : १ मार्च २०२७ सुरू होतानाची मध्यरात्र.