घडीचा चाकू आणि त्याचे पाणी

घडीचा चाकू तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. आपल्याकडे त्याला चक्कूसुद्धा म्हणतात. आमच्या आबांच्या बंडीच्या खिशात असा एक चाकू माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. कडब्याच्या पेंढीचा बंद कापायला, कासऱ्याची गाठ तोडायला, पेरूच्या फोडी करायला तो लागतो. पायात बाभळीचा काटा मोडला तर आबा त्याच्या टोकानेच काढतात. घरातले सगळे काटे आबांनीच काढलेले आहेत.

तो चाकू मी बिघडवला. दुरुस्त होताना त्याच्या पोटातले सगळे दिसले, म्हणून हा लेख लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात चाकू गंजून गच्च झाला. उघडेचना. लोहारमामा लोखंड तापवतात तेव्हा गंज झडतो, हे मी पाहिले होते. मग मी कोणाला न विचारता चाकू चुलीतल्या निखाऱ्यात ठेवला. मूठ म्हशीच्या शिंगाची होती, हे ध्यानातच आले नाही. घरभर केस जळाल्यासारखा वास सुटला. माय धावत आली. चिमट्याने बाहेर काढला तर चाकू उघडला, पण लई ढिला झाला होता. खट असा आवाज येईना. पाते पेरू कापतानाच बोथट झाले आणि काट्याला लावले तर टोकच वाकले. आबा काही बोलले नाहीत. दोन दिवस माझ्याशीच बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी आणि आबा लोहारमामांकडे गेलो. मामा पाते बघून म्हणाले, "पोरा, तू पाणी उतरवलंस की रे याचं!" मला वाटले, कोणते पाणी? मी तर विस्तवात ठेवला होता.

मामांनी खिळे ठोकून काढले आणि चाकू सुटा केला. मी त्याचे चित्र काढून शेजारी लावले आहे. नंबर पाहून वाचावे. १ पाते. २ मुठीच्या दोन बाजू. ३ त्यांच्या आतले पातळ पत्रे. ४ कमान. ५ तीन खिळे. पात्याच्या वरच्या बाजूला बारीक खाच असते, ती नख घालून उघडण्यासाठी.

सगळी गंमत कमानीत आहे. कमान म्हणजे मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी पट्टी. ती दोन खिळ्यांनी पक्की असते, पण पात्याकडचे टोक मोकळे असते. पाते तिसऱ्या खिळ्यावर फिरते. पात्याचे बूड गोल नसते, चौकोनी असते. पाते फिरवले की बुडाचा कोपरा कमानीला वर उचलतो. कोपरा पुढे गेला की कमान सपाट बाजूवर खटकन बसते. म्हणून चाकू उघडा राहतो आणि मिटलेलाही राहतो.

पण मित्रांनो, हे कुलूप नाही. उलट्या बाजूने दाबले तर पाते बोटांवर मिटते. सिनेमात दिसतो तो रामपुरी चाकू वेगळा. त्याला खटका असतो, तो सोडवल्याशिवाय पाते मिटत नाही. रामपूर हे गाव उत्तर प्रदेशात आहे. तिथे २०२३ साली एका चौकात सुमारे २० फुटांचा चाकू उभा केला. तो काय कापणार, असे आबा म्हणाले.

आता पाणी. मी पंखा फिरवत होतो. मामांनी पाते जास्वंदीसारखे लाल होऊ दिले आणि पाण्यात बुडवले. चर्र झाले. त्यावर कानस लावली तर ती नुसती घसरली. मामा म्हणाले, "आता हे काचेवानी झालं. खाली पडलं तर तुटंल." म्हणून पाते विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत केले आणि परत हळूहळू तापवले. त्यावर रंग सरकायला लागला. पिकलेल्या गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग धारेवर आला की लगेच थांबले. मामांनी हे सावलीत केले, कारण उन्हात रंग कळत नाही.

जुनी कमान तडकली होती. मामांनी ट्रकच्या तुटक्या कमानपाट्याचा तुकडा ठोकून, कानसून नवी केली. तिला पाण्यात नाही, मोटारीच्या जळक्या ऑइलमध्ये बुडवले. आणि नंतर पिवळ्यावर न थांबता निळा रंग येईपर्यंत तापवले. मी विचारले, कामून? तर पाते कडक पाहिजे आणि कमान वाकून परत सरळ झाली पाहिजे. गुरुजींनी सांगितले की, पिवळा रंग सुमारे २३० अंशांना येतो आणि निळा सुमारे ३०० अंशांना. मामांकडे तापमापक नाही. चुलीत रंग निळ्याच्याही पुढे गेला असणार, म्हणून माझ्या हातून पाणी उतरले.

मूठ बाभळीच्या गाभ्याची केली. शेवटी खिळे ठोकताना मामांनी माझ्या जुन्या वहीचे पान तेलात भिजवून पात्याच्या दोन्ही बाजूंना ठेवले. खिळा पक्का झाल्यावर कागद ओढून काढला. तेवढ्या फटीमुळे पाते जाम होत नाही. मामा पैसे नको म्हणाले, आबांनी पायलीभर ज्वारी दिली.

आबांनी चाकू कानाजवळ नेऊन मिटला. खट झाले. मग खिशात टाकला. मला काही म्हणाले नाहीत.

परवा शेतात माझ्या टाचेत काटा मोडला. आबांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि चाकू काढला. मी डोळे गच्च मिटले. काटा निघाला. टोक वाकले नाही.

इयत्ता ४ थी