घरीं वाचनाचा आरंभ : "डोळा" आणि "डोया"

बाराखडी घडाघडा म्हणणारें मूल "कमळ" हा शब्द पुढें ठेवितांच पुष्कळ वेळां गप्प बसतें. ह्याचें कारण मंदबुद्धि नव्हे. त्यास चाल पाठ झाली आहे. कोणती खूण कोणत्या आवाजाची, हें मात्र कळलेलें नाहीं. यास्तव आईबापांनीं आरंभ पुस्तकापासून न करितां कानापासून करावा.

जिला अक्षरओळख नाहीं त्या मातेसही हें साधेल. भाकरी थापतांना तिनें विचारावें कीं, माय, मका, मीठ ह्या शब्दांच्या आरंभीं कोणता आवाज सारखा आहे? मूल तो ओळखूं लागलें म्हणजे घरांतील वाचतां येणाऱ्यानें धुळींत बोटानें "म" काढून दाखवावा. नंतर काना देऊन "मा", मग "य", आणि दोन्ही जोडून "माय". पुष्कळ शाळांतून चालत आलेला ग, म, भ, न हा क्रम आकारांच्या साम्यावर बसविलेला आहे. हात वळविण्यास तो चांगला. परंतु म व भ लागोपाठ आल्यानें लहान मूल घोटाळतें. घरीं हीं दोन अक्षरें दूर ठेवावीं. ऱ्हस्व वेलांटीही मागाहून घ्यावी, कारण "किती" ह्या शब्दांत ती दिसते आधीं व उच्चारली जाते नंतर. "घ", "र" असें सुटें म्हणून झाल्यावर शेवटचा "र" हलका बोलून दाखवावा, नाहीं तर मुलास त्यांत आपलें घर ऐकूंच येत नाहीं.

पांझरेपलीकडील देवपूर व भोवतालचीं खेडीं येथें आणखी एक अडचण आहे. अहिराणी बोलणाऱ्या घरांत "डोळा" हा "डोया" होतो आणि "पाणी" हें "पानी". छापील "डोळा" पाहून मूल "डोया" म्हणालें, तर त्यास शब्दाचा अर्थ लागला आहे, हें आधीं ध्यानांत घ्यावें. येथें रागावल्यास अक्षरें आपल्या घरच्या बोलीचीं नव्हेत असें त्यास वाटतें, व तें वाचणें सोडून शिक्षकाच्या तोंडाकडे पाहूं लागतें. म्हणून प्रथम घर, कान, नाक असे दोहींकडे सारखे शब्द घ्यावे. ळ व ण शेवटीं. तेव्हां "डोया" व "डोळा" शेजारीं लिहून, आपण असें बोलतों, पुस्तकांत असें लिहितात, इतकेंच सांगावें. बोली लिहिण्याजोगी नाहीं असें कोणी म्हटल्यास, आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांचीं गाणीं दाखवावीं. त्यांस स्वतः लिहितां येत नव्हतें. तरी 1952 सालीं तीं बोलीसकट छापलीं गेलीं.

दररोज दहा मिनिटें पुरेत. मूल कंटाळलें कीं धूळ पुसून टाकावी.