तुटलेला स्क्रू आणि सागाची चौकट



आपल्या जुन्या वसतिगृहांच्या भिंतींना ओल आली असली, तरी दारे सागाची आहेत. पावसाळ्यात दार फुगते, मुले ते खांद्याने ढकलतात आणि वरच्या बिजागरीचा स्क्रू तुटतो. मग बिजागरी दोन बोटे खाली सरकवतात, पुढच्या वर्षी आणखी खाली. शेवटी चौकटीची चाळण होते. दार मुलींच्या खोलीचे असेल, तर तोवर त्या दाराला पेटी लावून झोपतात. म्हणून सुतारकामाच्या वर्गात मी हा पाठ मुलांबरोबर मुलींनाही देतो.

स्क्रू का तुटतो?

साग, शिसम, ऐन ही कठीण लाकडे. आधी पुरेसे भोक न पाडता स्क्रू जोराने पिळला, की तो मानेपाशी तुटतो. जुन्या लोखंडी स्क्रूला गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे स्क्रू लाकडात आणखी आवळला जातो.

तुकडा कसा काढावा?

१. तुकडा थोडा वर असेल, तर तापलेले सोल्डरिंग आयर्न त्यावर मिनिटभर टेकवा आणि गार होऊ द्या. गंजाची पकड सैल होते. मग लॉकच्या पकडीने धरून आधी किंचित आवळा, नंतर उलटा फिरवा.

२. तुकडा आत असेल, तर स्क्रू जेमतेम मावेल अशी पोलादी नळी घ्या. तिच्या तोंडाला तीनधारी कानशीने दाते पाडा आणि ती ड्रिलमध्ये बसवा. नळी घसरू नये म्हणून एका फळीला तिच्या मापाचे भोक पाडून ती फळी चौकटीवर शिकंजाने आवळा. ड्रिल हळू चालवा, मध्येमध्ये नळी बाहेर काढून भुसा झटका. धूर दिसला तर थांबा. तुकड्याभोवतीचे लाकूड कापले गेले, की तो सुटतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

भोक कसे भरावे?

भुसा आणि फेव्हिकॉलचा लगदा दिसायला चांगला, पण स्क्रूचे आटे त्यात धरत नाहीत. आगकाड्या हलक्या मुठीपुरत्या ठीक. दाराचे वजन त्या पेलत नाहीत. गोल खुंटी ठोकली, तर स्क्रू तिच्या तंतूंच्या दिशेनेच आत जातो आणि तिथे पकड कमी मिळते. स्क्रू तंतूंना आडवा गेला पाहिजे.

म्हणून भोकाभोवती पटाशीने चौकोनी खाच घ्या, स्क्रूच्या लांबीइतकी खोल. सागाचाच तुकडा असा कापा की त्याच्या रेषा चौकटीच्या रेषांप्रमाणे उभ्या राहतील. तो हाताने दाबून बसावा, हलू नये. सागात तेल असते. खाच आणि तुकडा थिनरने पुसा, वाळू द्या, मग फेव्हिकॉल लावून बसवा. २४ तास दार टांगू नका. नंतर रंधा मारून सपाट करा.

नवा स्क्रू

८ नंबरचा स्क्रू साधारण ४ मि.मी. जाड असतो. त्यासाठी कठीण लाकडात ३ मि.मी.चे भोक पाडा. आट्यांना मेणबत्तीचे मेण चोळा. साबण नको, तो ओल धरतो आणि गंज आणतो. पितळी स्क्रू मऊ. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढा, मग पितळी लावा.

दार का घासत होते तेही पाहा. फुगलेली कड उन्हाळ्यात रंधली नाही, तर नवा स्क्रूही तुटेल.

सराव

सागाच्या टाकाऊ फळीत भोक न पाडता एक स्क्रू पिळून मुद्दाम तोडा. तो काढा, खाच भरा आणि दुसऱ्या दिवशी तिथेच नवा स्क्रू बसवा. त्यावर पाण्याने भरलेली बादली रात्रभर टांगा. सकाळी स्क्रू जागचा हलला नसेल, तर खऱ्या दाराला हात घाला.