ईमान, सत्कर्म आणि अल्लाहची कृपा



नागपूरहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी आमच्या भंडारा जिल्ह्यातील भंडारा रोड आणि तुमसर रोड ही स्थानके मागे टाकीत राजनांदगावकडे जाते. १८९३ साली याच मार्गावरील प्रवासात कवी नारायण वामन टिळक यांना एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने 'नवा करार' भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ज्या प्रोटेस्टंट परंपरेत ते गेले, तिचा मध्यवर्ती सिद्धांत आहे : मनुष्य आपल्या कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने ईश्वरासमोर नीतिमान ठरतो.

आपले शेजारी, सहकारी किंवा मुलांचे शिक्षक ख्रिस्ती असू शकतात. कधीतरी ते आपल्याला विचारतील, "तुम्ही मुसलमान नमाज-रोजांच्या मोबदल्यात स्वर्ग विकत घेऊ पाहता काय?" याचे उत्तर देण्याआधी त्यांचे म्हणणे नीट समजून घेणे हे आपले कर्तव्य आहे. ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनेच चर्चा करा, अशी कुरआनची आज्ञा आहे (२९ : ४६).

सिद्धांत काय सांगतो?

या सिद्धांतानुसार आदमच्या पतनामुळे सर्व मानवजात पापाच्या अधीन झाली असून कोणीही स्वतःच्या बळावर निर्दोष ठरू शकत नाही. ख्रिस्ताने क्रुसावर सर्वांच्या पापाची भरपाई केली, आणि जो त्याच्यावर विश्वास ठेवतो, त्याला ईश्वर कृपेने नीतिमान गणतो. या विचाराचा मुख्य आधार पौलाचे रोमकरांस पत्र हा होय. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी तो धर्मसुधारणेचा पाया बनवला. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेत कॅथलिक पंथाने 'केवळ विश्वास' हे सूत्र नाकारले. पुढे १९९९ साली लुथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी या विषयावरील एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

'ख्रिस्ती लोकांना वाटेल ते पाप करण्याची मुभा आहे,' असे आपल्यापैकी काहीजण म्हणतात. हे म्हणणे न्यायाचे नाही. जिवंत झाडाला जसे फळ येते, तसे खऱ्या विश्वासातून सत्कर्म उपजते, असेच ते मानतात. त्यांच्याच ग्रंथातील याकोबाचे पत्र कर्माविना असलेल्या विश्वासाला मृत म्हणते. टिळकांना ज्या प्रवचनाने ओढून घेतले, त्याच्या शेवटीही केवळ 'प्रभू, प्रभू' म्हणणाऱ्याला नव्हे, तर ऐकून तसे आचरण करणाऱ्याला शहाणा म्हटले आहे.

आपण कोठे सहमत, कोठे वेगळे?

अल्लाहच्या कृपेविना कोणाचीही सुटका नाही, हे आपणही मानतो. कोणालाही त्याचे कर्म स्वर्गात नेणार नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले तेव्हा सहाबांनी विचारले, आपल्यालाही नाही? आपण (स.) उत्तरले, मलाही नाही, अल्लाहने आपल्या कृपेने मला झाकून घेतल्याखेरीज (बुखारी, मुस्लिम). म्हणून 'विकत घेण्याचा' प्रश्नच उद्भवत नाही.

मतभेद इतरत्र आहेत. कुरआन सांगतो की, हजरत आदम (अ.) यांनी क्षमा मागितली आणि अल्लाहने ती स्वीकारली (२ : ३७). त्यामुळे जन्मजात पापाचा वारसा कोणाकडे येत नाही. कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहत नाही (६ : १६४). तौबा करणारा आणि त्याचा पालनकर्ता यांच्यामध्ये कोणाच्या बलिदानाची गरज नाही. हजरत ईसा (अ.) हे अल्लाहचे थोर प्रेषित आहेत, मात्र ते आपल्या पापांची भरपाई नव्हेत.

मग कर्माचे स्थान कोणते? धानाच्या शेतकऱ्याला हे लवकर उमगेल. पाऊस त्याने कमावलेला नसतो, तो अल्लाहची देणगी असते. पण ज्याने बांधीचे धुरे बांधले नाहीत, त्याच्या शेतात ते पाणी थांबत नाही आणि रोवणी होत नाही. सत्कर्म पावसाची किंमत नव्हे. ती कृपा धरून ठेवणारा धुरा आहे. म्हणूनच कुरआन ईमान आणि सत्कर्म यांचा उल्लेख वारंवार जोडीने करतो.

आता आपल्याकडे पाहू

आपल्या इतिहासातही 'ईमान असले की पाप बाधत नाही' असे म्हणणारे मुर्जिआ होते, आणि मोठे पाप करणाऱ्याला थेट काफिर ठरवणारे खारिजीही होते. अहले सुन्नतने दोन्ही टोके नाकारली.

परंतु पहिले टोक आपल्या घरांतून खरोखर गेले आहे काय? मुसलमान घरात जन्मलो, नाव मुसलमानाचे, कलमा पाठ आहे, म्हणजे सुटलो, असे आपण मनोमन धरून चालतो. बहिणीचा वारसाहक्क दाबतो, मजुराची मजुरी अडवतो, आणि जुम्याला पहिल्या सफेत बसतो. दुसऱ्यांच्या 'केवळ विश्वासा'वर टीका करणारे आपण स्वतः 'केवळ नावा'वर विसंबून नाही ना? मुक्ती तुमच्या इच्छांवर अवलंबून नाही आणि ग्रंथधारकांच्या इच्छांवरही नाही. जो वाईट करील त्याला त्याचे फळ मिळेल, असे कुरआन बजावतो (४ : १२३). या आयतीत आपला उल्लेख आधी आहे.

याचा अर्थ निराश व्हावे असा नव्हे. अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका, हाही त्याचाच आदेश आहे (३९ : ५३). श्रद्धावंताने भय आणि आशा या दोहोंच्या मध्ये जगावे.

आज रात्री इशानंतर कुटुंबासह बसून एकच विचार करा : कोणाचा हक्क आपल्याकडे अडकला आहे? तो परत करण्याचा दिवस ठरवा. शेजाऱ्याच्या प्रश्नाला यासारखे दुसरे उत्तर नाही.

अल्लाह आपले ईमान जिवंत ठेवो, आपली तोकडी कर्मे स्वीकारो आणि आपल्याला आपल्या कृपेने झाकून घेवो. आमीन.