हॅरीच्या जागेवरून

अमेरिकेत नाताळात घरोघरी जे चित्रपट पाहिले जातात, त्यांत फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) या चित्रपटाचे स्थान मोठे आहे. नवल असे, की पहिल्या प्रदर्शनात त्याला तोटाच झाला होता. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले. दूरचित्रवाणी केंद्रे तो दर नाताळात दाखवू लागली आणि पाहता पाहता तो सणाचाच एक भाग झाला.

कथानायक जॉर्ज बेली वडिलांची छोटी कर्जसंस्था टिकावी म्हणून गावातच राहतो. कॉलेजसाठी साठवलेले पैसे धाकट्या हॅरीला देतो. पुढे ऐन नाताळच्या आदल्या दिवशी संस्थेचे ८००० डॉलर गहाळ होतात. ते धनाढ्य पॉटरच्या हाती लागतात आणि तो ते दडपतो. जीव द्यायला निघालेल्या जॉर्जला एक देवदूत, तो जन्मलाच नसता तर गावाचे काय झाले असते, हे दाखवतो. अखेर गावकरी वर्गणी काढून त्याला सोडवतात.

हा शेवट भाबडा आहे, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. पॉटरला शिक्षा होत नाही आणि जॉर्जचे कॉलेज राहिले ते राहिलेच. हे नुकसान काप्रा भरून देत नाहीत.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच; दादा दहावीनंतर कामाला लागला. म्हणून माझे लक्ष हॅरीकडे होते. तो शेवटी सर्वांदेखत भावाचा गौरव करतो. मी दादाला अद्याप काहीच म्हटलेले नाही.